ड्युसेलडॉर्फच्या मुक्कामात आईबाबांना जुन्या कोळसा खाणी बसल्या जागी दाखवता येतील का?

येतील. तुम्ही लिहिलंय की दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि चालणं बेताचंच आहे. मग एसेनच्या बाल्डनाय तलावावरची बोटफेरी घ्या. ड्युसेलडॉर्फहून एस-6 लोकलने एसेन-ह्युगेल स्टेशनवर उतरलं की तलाव समोरच आहे. बोटी उन्हाळ्याच्या महिन्यांतच चालतात आणि पूर्ण फेरीला दोनेक तास लागतात.

मी एसेनमध्ये राहतो, मूळचा बल्लारपूरचा. माझे बाबा तिथल्या भूमिगत कोळसा खाणीत पंप खलाशी होते, म्हणजे खाणीतलं पाणी उपसणारे पंप चालवायचे. ते इथे आले तेव्हा मी त्यांना याच बोटीत बसवलं होतं, त्यामुळे हे अनुभवाने सांगतोय.

याला तलाव म्हणतात, पण ही रूहर नदीच आहे. 1931 ते 1933 या काळात वेर्डनला बांध घालून ती अडवली. मंदीचे दिवस होते, बेकार माणसांनी मोठ्या प्रमाणात हाताने खोदकाम केलं.

बोट पूर्वेकडे निघाली की डावीकडे बसा. हायझिंगनच्या काठावर झाडांच्या वर लोखंडी हेडगिअर, म्हणजे खाणीच्या तोंडावरचा पाळणा वर-खाली करणारा चाकांचा मनोरा, दिसेल. ती कार्ल फुंके खाण, 1973 मध्ये बंद झाली. उजव्या काठावर पोर्टिंगझीपन खाण होती, तिचा कोळसा वाहणारी रेल्वेही तिथूनच जायची. आता त्या रुळांवर हौशी मंडळी उन्हाळ्यातल्या काही रविवारी जुनी वाफेची गाडी चालवतात. नशिबात असेल तर बोटीतून धूर दिसतो.

एक आधीच सांगून ठेवतो. डोळ्यांना दिसणारे अवशेष थोडेच आहेत, बाकी सगळी हिरवी टेकडी. पण त्या टेकडीची गोष्ट आईबाबांना बोटीत बसल्यावर नक्की सांगा. रूहरच्या खोऱ्यात कोळशाचे थर थेट जमिनीवर उघडे पडतात आणि उत्तरेकडे खोल खोल जातात. म्हणून सुरुवात इथे झाली. लोक टेकडीच्या पोटात आडवे बोगदे खणायचे, पाणी उताराने आपोआप नदीत यायचं. 1780 मध्ये नदीवर 16 लॉक (पाण्याची पातळी कमी-जास्त करून नावा पुढे नेणारे दरवाजे) बांधून झाले आणि कोळशाच्या नावा खाली, रूहर ऱ्हाइनला मिळते तिथल्या रूहरोर्ट बंदरापर्यंत जाऊ लागल्या. परतीला काठावरून घोडे त्यांना ओढत. पुढे रेल्वे आली आणि नदीवरची वाहतूक संपली. खाणीही उत्तरेकडे सरकत, खोल होत गेल्या. शेवटची बॉट्रॉपची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली.

हे सगळं बाबा शांतपणे ऐकत होते. हेडगिअर मागे पडलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बंद झाली म्हणतोस, मग पाणी कोण उपसतंय?"

खरं तर या फेरीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पाणी आजही उपसलं जातंय. तलावाच्या थोडं वरच्या बाजूला, युबररूहर भागात, जुन्या हाइनरिश खाणीतलं पाणी पंपाने वर काढून रूहरमध्ये सोडतात. तसं केलं नाही तर खाणीतलं खारं पाणी चढत चढत पिण्याच्या पाण्याच्या थरांपर्यंत येईल. शिवाय कोळसा काढल्यामुळे या प्रदेशात काही ठिकाणी जमीन 20 मीटरहून जास्त खचली आहे. तिथलं पावसाचं पाणी नदीपर्यंत उताराने जाऊच शकत नाही, तेही पंपानेच उचलावं लागतं. जर्मन लोक याला 'अनंतकाळची कामं' म्हणतात. खाणी गेल्या तरी त्यासाठी पैसा मिळत राहावा म्हणून वेगळा न्यास उभारलेला आहे. बाबांना हे फार पटलं. पंप थांबला तर काय होतं ते त्यांनी रात्रपाळीत पाहिलेलं होतं.

झोलफेराइन ही जागतिक वारसा असलेली मोठी खाण त्याच दिवशी उरकायच्या भानगडीत पडू नका. ती बघण्यासारखी आहेच, पण आवार अवाढव्य आहे, थकतील. तिला वेगळा दिवस द्या.

पाण्यावर जूनमध्येही गार वारा असतो, स्वेटर आणि आईंसाठी स्कार्फ घ्या. वरच्या डेकवर जायला जिना आहे. गुडघे दुखत असतील तर खालीच खिडकीजवळची जागा पकडा, हेडगिअर तिथूनही नीट दिसतं.