पहिला पीसी कोणता? आणि वेबचा वाढदिवस कधी?

प्रश्न: जगातला पहिला पर्सनल कॉम्प्युटर नक्की कोणता? एक मित्र म्हणतो आयबीएम, दुसरा ॲपल, आणि नेटवर बघावं तर तिसरंच अल्टेअर म्हणून काहीतरी निघतं.

उत्तर: आयबीएमचं नाव आधी खोडून टाका. त्यांचा पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये, तोवर लोक घरी कॉम्प्युटर वापरायला लागून काही वर्षं झाली होती. अल्टेअर ८८०० हा १९७५ चा, पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या जानेवारीच्या अंकात कव्हरवर झळकला आणि ऑर्डरी धडाधड यायला लागल्या. पण बहुतेकांच्या हातात पडायचं काय, तर किट! स्वतः सोल्डरिंग करत बसा, ना कीबोर्ड ना स्क्रीन, मेमरी २५६ बाइट (केबी नाही हां, नुसते बाइट), प्रोग्राम भरायचा तर समोरचे स्विच एकेक करून वर-खाली करायचे आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून ओळखायचं. हौशी मंडळी सोडली तर कोण घेणार? अर्थात बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा बसवली ती याच मशीनसाठी, आणि त्यातूनच मायक्रोसॉफ्ट सुरू झाली.

त्यामुळे माझं मत १९७७ ला. त्या एकाच वर्षी ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० असे तीन आले, तिन्ही कीबोर्डसकट आणि आयते. मग १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर आलं, एक आकडा बदलला की अख्खा तक्ता आपोआप बदलणार, आणि धंदेवाले लोक निव्वळ त्यासाठी ॲपल टू घ्यायला लागले.

मग आयबीएमचं एवढं नाव का? त्यांना घाई होती म्हणून सगळं स्वतः बनवत बसले नाहीत, प्रोसेसर इंटेलचा, डॉस (म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम) मायक्रोसॉफ्टची, आणि ती डॉस दुसऱ्यांनाही विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला (काय डोकं!). आयबीएमचं खास असं उरलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, तर कॉम्पॅकने कॉपी न मारता तस्संच चालणारं स्वतःचं लिहून काढलं, मागोमाग बाकीच्या कंपन्या आल्या, आणि पीसी सगळ्यांचा झाला. आयबीएमने तर २००५ मध्ये तो धंदाच लेनोवोला विकून टाकला.

प्रश्न: वेबची सुरुवात कुठे १९८९ दिसते, कुठे १९९१, कुठे १९९३. खरं काय धरायचं?

उत्तर: तिन्ही खरं आहे. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव दिला, तो कागदावर. १९९० संपेपर्यंत त्यांच्या नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर पहिला सर्व्हर आणि ब्राउझर चालू झाला, मशीन कोणी बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली सूचना चिकटवली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये बाहेरच्यांना कळलं.

पण एकच तारीख लक्षात ठेवायची तर ३० एप्रिल १९९३ ठेवा. त्या दिवशी सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत खुलं केलं, कसली रॉयल्टी नाही काही नाही. तेव्हा वेबला टक्कर होती गोफरची, म्हणजे इंटरनेटवरची माहिती मेन्यूतून शोधायच्या दुसऱ्या पद्धतीची, पण ते बनवणाऱ्या मिनेसोटा विद्यापीठाने त्याच वर्षी काही जणांकडून सर्व्हरचे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि लोक बिचकले. त्यात त्याच वर्षी मोझेक ब्राउझर आला, मजकुरात मधेच फोटो दिसायला लागले, नंतर तो विंडोज आणि मॅकवरही आला, मग गोफरकडे कोण बघतंय.