पहिलीच कार्यशाळा घेतोयस? मग हे वाच

भावा, शिवाजी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना युनिकोड (म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहतात ती पद्धत) मराठी टायपिंग शिकवणार म्हणतोस, झकास. घाबरू नकोस. फक्त दोन तासांत सगळं कोंबू नकोस. नवखे तिथंच फसतात. मीही फसलो होतो. पहिल्या वेळी चाळीस स्लाइड केल्या आणि प्रोजेक्टरची केबलच लॅपटॉपला बसेना. तेव्हापासून ॲडॉप्टर माझ्या पिशवीत असतो.

सुरुवात मजकूर दाखवून कर. जुन्या फॉन्टमधला परिच्छेद ईमेलमध्ये पेस्ट कर, इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. युनिकोडमधला पेस्ट कर, मराठीच राहील. एवढ्यानं अर्धी सभा जिंकलास.

मग हातात द्यायच्या गोष्टी तीनच:

- विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधी जोडून घ्यायचा, मग विंडोज आणि स्पेस ही दोन बटणं एकत्र दाबून भाषा बदलायची.
- इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड रचना) इंग्रजी के दाबला की क, डी दाबला की हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण.
- स्वतःचं नाव स्वतः टाइप करायचं.

कुणी अडलं तर त्यांचा माउस हातात घेऊ नकोस, तोंडानं सांग. ज्येष्ठ सरांना तर मुळीच घाईला लावू नकोस.

फॉन्ट कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन), व्हॉइस टायपिंग पुढच्या वेळी. आणि चहा मधल्या सुट्टीतच ठेव, आधी दिलास तर निम्मी मंडळी कँटीनलाच रमतात.