उंची पाच फूट दोन इंच, आजवर फक्त स्कूटर चालवली आहे. पहिली मोटारसायकल कोणती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला राहता, नोकरी सातपूरला, गिअरची गाडी शिकायची आहे आणि ऑफिसातले सगळे थेट रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या म्हणून मागे लागलेत. माझं मत ऐका. पहिलं वर्षभर तरी १०० ते १२५ सीसीची गाडी चालवा, आणि तीही शक्यतो जुनी घ्या. ३५० कुठे पळून जात नाही.

मुद्दा वजनाचा आहे. हिरोची १०० सीसीची स्प्लेंडर प्लस ११२ किलोची, क्लासिक ३५० तब्बल १९५ किलोची. गाडी एकदा पळायला लागली की हा फरक फारसा जाणवत नाही, त्यामुळे जुने चालवणारे खुशाल "काही नाही होत" म्हणतात. पण नवीन माणूस पडतो तो वेग नसताना. सिग्नलला थांबताना, यू-टर्न घेताना, बारीक खडीवर पाय टेकताना, चढावर गाडी बंद पडल्यावर. ११२ किलोची गाडी कलली तर पाय रोवून सावरता येते. १९५ किलोची जरा जास्त कलली की भल्याभल्यांना आवरत नाही. माझ्या भाचीला शिकवताना मी हेच बघत होतो: गाडी आपल्याला झेपते हे एकदा अंगाला कळलं की हात सैल पडतात, आणि हात सैल पडले की क्लच आपोआप नीट सुटायला लागतो.

सीटची उंची कागदावर बघून ठरवू नका. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, क्लासिक ८०५, यामाहाच्या आर१५ ची ८१५. फरक दोन-तीन सेंटीमीटरचाच, पण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय आणखी वर राहतात. शोरूममध्ये रोजच्या वापरातले बूट घालून जा. गाडी स्टँडवरून काढून बसा, दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का बघा. मग उतरून बंद गाडी न्यूट्रलमध्ये आठ-दहा पावलं ढकला, मागे ओढा, मेन स्टँडवर चढवा. सेल्समन मदतीला हात लावायला येईल, त्याला लांब उभं राहायला सांगा. घरी पार्किंगमध्ये तो नसणार आहे.

स्कूटरची सवय असलेल्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्कूटरला डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. मोटारसायकलला तिथे क्लच. समोर अचानक कुत्रं आलं की तुमचा डावा हात सवयीने आवळला जाणार, आणि नुसता क्लच दाबला की गाडी थांबत नाही, उलट इंजिनची ओढ सुटून ती मोकळी पुढे जाते. मागचा ब्रेक आता उजव्या पायाखाली आहे आणि त्या पायाने आजवर काहीच काम केलेलं नाही. म्हणून रिकाम्या मैदानावर आधी थांबायचाच सराव करा, पळवायचा नंतर. स्प्लेंडरसारखी गाडी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता, नुसत्या क्लचवर हळूहळू चालते. तशी चालवत उजवा पाय आणि पुढचा ब्रेक एकत्र, हळुवार दाबून थांबा. अंगवळणी पडेपर्यंत हेच करा. आरटीओच्या चाचणीतला आठचा आकडाही याच हाफ क्लचवर, म्हणजे अर्धवट सोडलेल्या क्लचवर, निघतो.

ब्रेकचंच निघालं म्हणून सांगतो. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. त्यावरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे. जुनी घेताना त्याआधीची असेल तर यातलं काही नसण्याची शक्यता आहे. मी तुमच्या जागी असतो तर २०१९ नंतरचीच शोधली असती.

जुनी बघायला सकाळी जा आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं फोनवरच बजावा. थंड इंजिन पटकन चालू होतं का, निळसर धूर येतो का, तेवढ्यावरून बरंच कळतं. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला, मग नक्षी कितीही शाबूत दिसो, बदलायचा खर्च धरा. चेसिस नंबर आरसीशी (नोंदणी पुस्तकाशी) स्वतः ताडून बघा, कर्जाचा बोजा उतरलाय का विचारा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेलात तर उत्तम, त्याचे दोन-तीनशे रुपये वसूल होतात.

युरोपात आधी १२५ सीसी, मग मधला टप्पा, मग मोठी गाडी अशी परवान्याचीच पायरी असते. आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरचा परवाना मिळाला की कुठलीही गाडी चालवता येते, त्यामुळे पायरी आपणच पाडायची. तुमच्याकडे विनागिअरचा परवाना असेल तर गिअरसाठी नवं लर्निंग काढावं लागेल. त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते.

हेल्मेट आयएसआयचंच, आणि डोक्याला घट्ट बसणारं.

हात बसला की रविवारी पहाटे त्र्यंबकला जाऊन या, तीसेक किलोमीटरचा रस्ता सरावाला चांगला आहे. कसारा घाट मात्र एवढ्यात नको, तिथे ट्रक फार. आणि पुढे कधी तो घाट उतरलात तर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.