मुलींच्या जपानी ‘मांगा’चा अभ्यास हा पोरखेळ नव्हे

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात जपानी विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) ती उत्तीर्ण झाली आहे. मुलींसाठीच्या ‘मांगा’चा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, जपानी साहित्यावर काय परिणाम झाला, यावर तिला पुढे संशोधन करायचे आहे. चित्रकथा वाचण्यात उमेदीची वर्षे घालवू नकोस, हे तिला कसे समजवावे?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. आपली काळजी रास्त आहे, परंतु मुलीने निवडलेला विषय भक्कम आहे, हे मी आधीच सांगतो. या चित्रकथांना जपानीत ‘शोजो मांगा’ म्हणतात. १९४९च्या आसपास जन्मलेल्या हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको अशा लेखिका-चित्रकर्तींनी १९७०च्या दशकात या चित्रकथांचे रूप पालटले. त्यांतील हागिओ यांना २०१९ मध्ये जपान सरकारने सांस्कृतिक क्षेत्रातील थोर व्यक्तींना देण्यात येणारा सन्मान दिला.

या चित्रकर्तींनी पानावरच्या चौकटी मोडल्या आणि पात्राच्या मनातले शब्द संवादाच्या फुग्याबाहेर, पानाच्या मोकळ्या जागेत सोडून दिले. हेच स्वगत पुढे गद्यात उतरलेले दिसते. कादंबरीकार योशिमोतो बानाना यांच्या १९८७ मध्ये पुरस्कार मिळालेल्या ‘किचन’ या कथेत आजी गेल्यावर एकटी पडलेली मुलगी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी झोपते, कारण तिला तिथेच झोप लागते. दुःखाचे स्पष्टीकरण न देता एका साध्या जागेतून ते जाणवून देण्याची ही रीत ओशिमा यांच्या वाचकांना ओळखीची वाटते, आणि ओशिमा यांचे ऋण योशिमोतो यांनी स्वतः मान्य केले आहे. मुलींच्या वाचनातून साहित्याकडे जाणारी दुसरी वाट किशोरवयीन मुलींसाठीच्या ‘कोबाल्ट’ या कादंबरीमालेतून जाते : तिथे लिहू लागलेल्या यामामोतो फुमिओ आणि युइकावा केइ यांना पुढे अनुक्रमे २००१ व २००२ मध्ये नाओकी पारितोषिक हा जपानमधील मानाचा साहित्यपुरस्कार मिळाला.

प्रश्न विषयाचा नसून तयारीचा आहे. एन-३वर अशी पुस्तके मुळातून वाचणे जड जाते. मुलींच्या मांगात कांजीशेजारी (चिनी मूळ असलेल्या अक्षरचिन्हांशेजारी) बहुधा उच्चार छापलेला असतो, कादंबरीत तो आधार बहुतेक ठिकाणी नसतो. म्हणून बी.ए. संपेपर्यंत एन-२ आणि एम.ए. होताना एन-१ हे लक्ष्य ठेवावे. जपानी हा मुख्य विषय असणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती साधारण वर्षभरासाठी मिळू शकते. पदव्युत्तर संशोधनासाठी वेगळी शिष्यवृत्ती असून तिच्या अर्जात संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो. जपानमधील क्योतो सेइका विद्यापीठात २००६ पासून मांगाची स्वतंत्र विद्याशाखा आहे, तीही डोळ्यासमोर असू द्यावी.

चरितार्थाचे मात्र स्पष्ट बोलायला हवे. केवळ साहित्याच्या अनुवादावर सुरुवातीची वर्षे निघणे कठीण आहे. पुण्यातील कंपन्यांमध्ये दुभाषी व तांत्रिक अनुवादक म्हणून आणि वर्गांमध्ये शिक्षक म्हणून कामे मिळतात, आणि तिथे लागणारी भाषा संशोधनालाही लागतेच. त्यामुळे नोकरी की आवड, असा वाद घरात घालू नये.

या सुट्टीत तिला फ्रिजशेजारचा तो प्रसंग जपानीतून मराठीत आणायला सांगा, आणि तो मसुदा आपण स्वतः, पेन्सिल हातात घेऊन, तिच्यासोबत बसून वाचा.