खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलत असतील, तर मिशिगन–ओहायो स्टेटच्या वैरात दम कसा उरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला गेलाय. नोव्हेंबरच्या शेवटी विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरांवर लाल फुल्या मारलेल्या त्याने पाहिल्या. पण आता अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे खेळाडू पैसे घेऊन वाटेल तेव्हा कॉलेज बदलतात असंही तुम्ही वाचलंत. मग संघ बांधतात तरी कसा, आणि या वैरात काही खरं उरलंय का?

उरलंय. ज्या 'एम'वर फुली मारतात त्या मिशिगनचा मी चाहता. गाड्यांच्या धंद्यामुळे डेट्रॉईटच्या आसपास स्थिरावलेली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांतलंच आमचं एक. मुलगी ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात शिकली, तिच्यामुळे हा लंबगोल चेंडूचा फुटबॉल घरात आला आणि राहिला. माझा कल कुठे आहे ते सांगून टाकलं. तरी कोलंबसवाल्यांचं जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणेन.

आधी वैराचं. हे कॉलेजांच्या आधी राज्यांचं भांडण आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहर आणि त्याभोवतीच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो हत्यारं घेऊन समोरासमोर आले होते. टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला उत्तरेचा द्वीपकल्प मिळाला. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा, मिशिगनने ३४–० जिंकलेला. १९१८ पासून तो दर वर्षी होतो. खंड पडला तो फक्त २०२० मध्ये, कोविडमुळे. विषम सालात ॲन आर्बरला, सम सालात कोलंबसला. दोन्ही मैदानांत एक लाखाहून जास्त माणसं बसतात. इकडे त्याला नाव लावत नाहीत, नुसतं 'द गेम' म्हणतात.

आता 'बाहेरून आलेले खेळाडू' या तक्रारीबद्दल. १९६९ मध्ये मिशिगनला नवा प्रशिक्षक मिळाला, बो शेम्बेकलर. जन्म ओहायोतल्या बार्बर्टनचा. पुढे ओहायो स्टेटचा प्रशिक्षक झालेल्या वुडी हेजच्या हाताखाली तो कॉलेजात खेळला, नंतर त्याचाच सहायक झाला. त्या वर्षी ओहायो स्टेट गतविजेता होता, सलग २२ सामने जिंकून ॲन आर्बरला आला आणि शिष्याने गुरूला २४–१२ हरवलं. त्या सामन्यापासून दहा वर्षं या दोघांची झुंज चालली, त्यात बो पाच जिंकला, वुडी चार, एक बरोबरीत सुटला. आमचे दोन सगळ्यात लाडके खेळाडू घ्या. १९९१ चा डेस्मंड हॉवर्ड क्लीव्हलंडचा, १९९७ चा चार्ल्स वुडसन फ्रीमाँटचा. दोघंही ओहायोचेच. दोघांनी ओहायो स्टेटविरुद्ध पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने दूर उडवलेला चेंडू, झेलून थेट शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला, आणि दोघांना त्या वर्षीच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. म्हणजे सीमा ओलांडून येणं या वैराला नवं नाही. तुम्ही कुठून आलात हे इथे कुणी विचारत नाही. त्या शनिवारी काय केलंत ते मात्र आयुष्यभर विचारतात.

बदललं काय, तर वेग आणि पैसा. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, म्हणजे कॉलेज सोडू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२१ पासून एकदा बदली केली तरी वर्षभर बाहेर बसावं लागेना, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठंच थेट पैसे देतात; पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. एवढाली मैदानं त्यांच्या जिवावर भरतात. पण आयपीएलमध्ये निदान करार असतो, कुणाला ठेवायचं ते फ्रँचायझी ठरवते. इथे हंगाम संपला की जवळजवळ अख्खा संघ मोकळा, आणि ठेवणं न ठेवणं खेळाडूच्या हातात. त्यामुळे आजच्या संघबांधणीत नवा खेळाडू आणण्यापेक्षा असलेला टिकवणं हे पहिलं काम झालंय.

या मुद्द्यावर मी लोकांशी तावातावाने बोलतो, कारण बहुतेकांचं लक्ष फक्त चेंडू फेकणाऱ्या, चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडे असतं. संघ उभा राहतो तो त्याच्यापुढच्या पाच जणांवर, म्हणजे लाइनवर (मधला सेंटर, दोन बाजूंचे गार्ड, कडेचे टॅकल), आणि बचावात मधोमध उभ्या असलेल्या दोघांवर. एकेक जण १४० किलोच्या आसपासचा. अठराव्या वर्षी आलेल्या पोराचं असं शरीर घडायला, शेजाऱ्याचं पाऊल न बघता ओळखायला तीन-चार वर्षं लागतात. ती वर्षं विकत मिळत नाहीत.

२०२३ चा सामना आठवतो. आमचा मुख्य प्रशिक्षक निलंबित, मैदानाबाहेर. (विरोधकांचे इशारे चोरून टिपल्याच्या प्रकरणात ते निलंबन होतं. त्यासाठी पुढे मिशिगनला मोठा दंडही झाला, आणि त्या प्रकरणाचा डाग आमच्यावर आहे हे मी मान्य करतो.) १७–१७ अशी बरोबरी. झॅक झिंटर, उजवीकडचा गार्ड, संघाचा कप्तान, त्याचा पाय मोडला. गाडीवरून त्याला बाहेर नेलं, मैदानात चिडीचूप. कार्सन बार्नहार्ट त्याची टॅकलची जागा सोडून झिंटरच्या जागी सरकला, आणि टॅकलला ट्रेंट जोन्स आला. जोन्स कितीतरी वर्षं बाकावर बसलेला. लगेचच्याच चालीवर चेंडू घेऊन पळणारा ब्लेक कोरम २२ यार्ड पळून टचडाउनला पोचला. सामना ३०–२४. त्याच फेरजुळणी केलेल्या लाइनने पुढे रोझ बाउलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, अलाबामाला आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला हरवलं. हा जोन्स सहज दुसरीकडे गेला असता, पहिल्या दिवसापासून खेळला असता. तो थांबला. त्या विजेतेपदाबद्दल बोलताना मला कोरमच्या आधी जोन्स आठवतो.

कोरमही थांबलेलाच. २०२२ च्या हंगामाच्या शेवटी गुडघा दुखावला, एनएफएल या व्यावसायिक लीगची वाट खुली होती, तरी तो आणि बरोबरचे बरेच जण एक वर्ष जास्त राहिले. चाहत्यांनी त्यासाठी 'वन मोअर इयर' नावाचा निधी उभारला होता. पैसा असाही लावता येतो: घरच्या माणसांना घरी ठेवायला.

ओहायो स्टेटने पुढच्या वर्षी हेच केलं, आमच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर. २०२४ च्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले असं त्यांच्या क्रीडासंचालकांनीच सांगितलं. बातम्या झाल्या त्या बाहेरून आणलेल्यांच्या: कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, ओल मिसचा क्विन्शॉन जुडकिन्स, अलाबामाचा केलेब डाउन्स. डाउन्ससारखा सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, मी क्वचितच पाहिलाय, ती निवड अचूक होती. पण त्या संघाचा कणा होता राहिलेल्यांचा. जॅक सॉयर, टुइमोलोआउ, एग्बुका, हेंडरसन, बर्क. हे सगळे एनएफएलला जाऊ शकत होते. मिशिगनला एकदाही न हरवता जायचं नाही, हे त्यांच्या राहण्याचं एक मोठं कारण होतं. वैराने संघ बांधला म्हणतो तो असा.

तरी ३० नोव्हेंबर २०२४ ला ते कोलंबसमध्ये हरले. आम्ही तेव्हा देशाच्या क्रमवारीत पहिल्या पंचवीसांतही नव्हतो आणि ते दुसऱ्या क्रमांकावर. आमचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन, शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून बरा झालेला मुलगा. त्याने त्या दिवशी दोन चेंडू शत्रूच्या हातात दिले. तरीही १३–१० आम्ही जिंकलो, कारण बचावाच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे होते. दोघं २०२२ साली आलेले आणि तिथेच घडलेले. समोर ओहायो स्टेटची लाइन मोडलेली: डावा टॅकल सिमन्स ऑक्टोबरमध्ये जायबंदी, सेंटर मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये. दोघंही पोर्टलमधून आणलेले, आणि त्यांच्या मागे तयार होऊन बसलेला ट्रेंट जोन्स कुणी नव्हता. तरी ते मधल्या वाटेनेच पळत राहिले आणि दर वेळी त्याच दोघांवर आदळले.

पोर्टल वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. त्या सामन्यात ४५ सेकंद उरले असताना निर्णायक किक मारली ती डॉमिनिक झ्वाडाने, आणि तो त्याच वर्षी आर्कान्सा स्टेटमधून आलेला. मिशिगनला किकर हवा होता, शोधला, आणला. भोक बुजवायला पोर्टल उत्तम. पायाच त्यावर घालायला गेलात तर पंचाईत. तसंच न वापरण्याचीही किंमत असते. त्याच हंगामात आमच्याकडे धड क्वार्टरबॅक नव्हता, आधीचा क्वार्टरबॅक मॅकार्थी जाणार हे उघड असताना पोर्टलमधून तोलाचा कुणी आणला नाही, आणि नियमित हंगामात पाच पराभव पदरी आले.

सामना संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी कोलंबसच्या मैदानात मधोमध झेंडा रोवला आणि मारामारी झाली. सॉयरने तो झेंडा काठीवरून ओढून काढला. मला झेंडा रोवणं आवडलं नाही, दुसऱ्याच्या अंगणात जाऊन ते करू नये. पण सॉयरचा चेहरा पाहून मला कळलं की या पोराला कुणी पैशासाठी खेळतो म्हणू नये. तो कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टनचा. मिशिगनविरुद्धचा हा त्याचा शेवटचा सामनाही हातचा गेला होता. आणि जानेवारीत उपांत्य सामन्यात टेक्ससच्या क्विन यूअर्सच्या हातून चेंडू पाडून तो ८३ यार्ड पळाला, टचडाउन. यूअर्स २०२१ मध्ये ओहायो स्टेटलाच होता, सॉयरचा खोलीतला सोबती. तो गेला, सॉयर राहिला. त्यानंतर नोत्र दामला ३४–२३ हरवून ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मिशिगनचा चाहता असूनही सॉयरसाठी मला मनापासून आनंद झाला.

२०२५ मध्ये पारडं फिरलं. आम्ही शेजारच्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवुड मिळवला. देशातला पहिल्या क्रमांकाचा शाळकरी क्वार्टरबॅक, आधी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) शब्द दिलेला, मोठ्या रकमेच्या बातम्या झालेल्या. पोरगा गुणी आहे. पण नोव्हेंबरात ॲन आर्बरला २७–९ असे हरलो. अठरा वर्षांच्या मुलाभोवती मुरलेला संघ नसेल तर तो एकटा काय करणार? अंडरवुडवर राग काढणारे लोक मला पटत नाहीत. त्याला दोन वर्षं द्या, आणि तेवढ्यात पैसा लाइनवर लावा.

वैराला धोका आहे, पण तो खेळाडूंच्या बदल्यांपासून नाही, तर टीव्हीच्या पैशामागे धावणाऱ्या परिषदांपासून, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांपासून आहे. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खेळत होते. ओक्लाहोमा दुसऱ्या परिषदेत गेलं आणि २०२३ चा सामना शेवटचा ठरला. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११ नंतर २०२४ पर्यंत भेटलेच नाहीत, एकाच राज्यात राहून. पॅक-१२ ही परिषद तर जवळजवळ नाहीशीच झाली. यातला एकही निर्णय खेळाडूंनी घेतला नव्हता. मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघांची परिषद बिग टेन, ती आता १८ संघांची आहे. मिशिगन–ओहायो स्टेट दर वर्षी होईल अशी तरतूद त्यांनी ठेवली आहे, तेवढं बरं.

माझी भीती वेगळी आहे. राष्ट्रीय विजेतेपदासाठी हंगामाअखेर बारा संघांची स्पर्धा सुरू झाल्यापासून हा सामना हरूनही विजेता होता येतं, ओहायो स्टेटने तेच केलं. त्यामुळे सामना आधीच्या महिन्यात सरकवा, म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर कुणी थकायला नको, असं सुचवणारे लोक आहेत. ते मी मान्य करणार नाही. ऑक्टोबरात खेळवलात तर तो बारांतला एक सामना होईल. खेळाडूंशी दोन-तीन वर्षांचे करार करा, पोर्टलची मुदत जानेवारीतली एकच ठेवा, पैसे उघडपणे द्या, या सगळ्याला माझी तयारी आहे. तारीख मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारचीच हवी.