डायलिसिस चालू असताना दाढ काढता येते का? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत किडनीचे पेशंट आणि त्यांच्या घरचे लोक बरेच होते, म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझ्या वडिलांचं वय ६१ आहे, दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत, मंगळवार आणि शुक्रवार. खालची दाढ पंधरा दिवस ठणकतीय, गालपण जरा सुजलाय. गावातल्या डेंटिस्टकडे नेलं तर डायलिसिस म्हटल्यावर ते म्हणाले की रक्त थांबणार नाही, मी हात लावत नाही. तेव्हापासून मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम आणून देतोय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं त्यांना. दाढ काढता येते का नाहीच? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : काढता येते दादा, रोज निघतात अशा दाढा. पण आधी ती कॉम्बिफ्लाम आजच्या आज बंद करा. त्यात आयब्युप्रोफेन असतं, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक या सगळ्या गोळ्या किडनीच्या पेशंटला नकोत. डायलिसिसवर असले तरी बऱ्याच जणांना थोडीफार लघवी होत असते, म्हणजे किडनीचं थोडं काम अजून शिल्लक असतं, ते या गोळ्यांनी जातं, वर बीपी वाढतं, पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल चालते, किती आणि किती वेळा ते तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता रक्ताचं. डायलिसिसच्या वेळी मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, त्याचा असर पुढचे काही तास राहतो, म्हणून त्या दिवशी दाढ काढायची नाही. डायलिसिसच्या आदल्या दिवशीपण नको, कारण तोवर अंगात युरिया साठलेला असतो आणि तो जास्त असला की प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, संख्येने बरोबर असूनसुद्धा नीट काम करत नाहीत. मग राहिला दुसरा दिवस, म्हणजे तुमच्या वडिलांसाठी बुधवार किंवा शनिवार, शक्यतो सकाळी. तेव्हा हेपरिन उतरलेलं असतं, रक्त नुकतंच साफ झालेलं असतं, आणि सकाळी काढली की दिवसभर आपलं लक्ष राहतं. भूल देतात ती लिग्नोकेनची, ती चालते. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची तपासणी) आधी करून घ्या. दाढ काढल्यावर जागेवर विरघळणारा स्पंज ठेवून टाके घालतात, वर गॉज घट्ट चावून धरायचा, अर्धा तास तरी, आणि मधेमधे काढून बघायचा नाही, प्रत्येक वेळी काढला की नुकती धरलेली गुठळी निघून येते. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. पुढच्या डायलिसिसच्या वेळी तिथल्या टेक्निशियनला दाढ काढलीय हे आठवणीने सांगा, डॉक्टर मग त्या दिवशी हेपरिन कमी करतात किंवा देतच नाहीत. वडील अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती आपल्या मनाने थांबवू नका.

ज्यांनी हात लावला नाही त्यांच्यावर रागावू नका, घाबरून चुकीचं काही करण्यापेक्षा पुढे पाठवलेलं बरं. पण पाठवताना चिठ्ठी द्यायला हवी होती, हे मात्र मी म्हणेन. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, जाताना डायलिसिसची फाईल सोबत न्या. पण सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडेना किंवा गिळता येईना असं झालं, तर वार बघत बसू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्याच क्लिनिकमधली आहे. एक मावशी दात हलतो म्हणून आल्या, हातभर बाह्यांचा ब्लाऊज, आजार विचारले तर म्हणाल्या थोडं बीपी आहे बस. असिस्टंट डाव्या हाताला बीपीचा पट्टा बांधायला गेली आणि मावशींनी झटकन हात मागे घेतला. बाही वर केली तर मनगटापासून दोरीसारखी जाड झालेली शीर, सुयांच्या खुणा, आणि बोट ठेवलं तर मांजर गुरगुरतं तशी आत थरथर. फिस्टुला होता तो, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. त्या हाताला पट्टा आवळायचा नसतो, सुई टोचायची नसते, तो हात बंद पडला तर डायलिसिस करायचं कुठून? विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणाल्या, सांगितलं की कुणी दातच बघत नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. पण तरी सांगा. दाताच्या डॉक्टरला किडनीचं सांगा आणि किडनीच्या डॉक्टरला दाताचं, दोघं एकमेकांना ओळखत नसतात, निरोप तुम्हालाच न्यायचाय.

प्रश्न : आईचं क्रिएटिनिन ५ च्या पुढे आहे, डायलिसिस अजून सुरू नाही. तिच्या तोंडाला विचित्र वास येतो, दोनदा ब्रश करूनही जात नाही. जेवण धातूसारखं लागतं म्हणते, ताट तसंच सरकवून ठेवते. पाण्यावर बंधन आहे त्यामुळे तोंडपण सुकतं. ती बऱ्याच वर्षांपासून मिश्री लावते. (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, हा वास अस्वच्छतेचा नाही, आईला तसं बोलू नका प्लीज. रक्तात वाढलेला युरिया लाळेतही उतरतो आणि तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात, म्हणून तो उग्र वास आणि ती चव. ब्रशने कमी होईल पण जाणार नाही, युरिया खाली आला की जातो. वास, चव आणि जेवण सुटणं हे सगळं किडनीच्या डॉक्टरांना सांगा, डायलिसिस कधी सुरू करायचं हे ठरवताना त्यांना ते लागतं.

लाळेत युरिया असल्याचा एक परिणाम असाही होतो की दात कमी किडतात आणि टार्टर, म्हणजे दातांवरचा कडक थर, मात्र भराभर साठतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी क्लिनिंग करून घ्या. सुकलेल्या तोंडासाठी बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, पण तो पाण्याच्या हिशोबात धरा. बिनसाखरेचं च्युइंगगम चालतं. लिंबू, आवळा चोखायला देण्याआधी पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या असतील तर गिळायचं अजिबात नाही.

आणि मिश्री. ती जाळलेली तंबाखूच आहे, हिरड्या खाते, तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही, रागावून तर नाहीच. आधी सकाळची तेवढी ठेवून दुपारची सोडवा, त्या वेळेला हातात पेस्ट आणि मऊ ब्रश द्या, फ्लोराइडची साधी पेस्ट चालते. आत कुठे पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच दाखवा.

प्रश्न : माझं ट्रान्सप्लांट होऊन दोन वर्षं झाली, किडनी छान चाललीय. पण पुढच्या दातांमध्ये हिरड्या फुगून दातांवर चढल्यासारख्या झाल्यात, हसायला लाज वाटते. सायक्लोस्पोरिन आणि बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्हीच कारण लिहिलंय, या दोन्ही औषधांनी हिरड्या वाढतात आणि एकत्र असली की जास्त. पण एकही गोळी स्वतः बंद करू नका, सायक्लोस्पोरिन शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून असते, ती चुकली तर किडनी जाऊ शकते. डॉक्टरांना हिरड्या दाखवा, बीपीची गोळी बदलता येते, सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमसचा विचारही ते करतील. दात जितके स्वच्छ तितक्या हिरड्या कमी फुगतात, तरी राहिल्याच तर वाढलेला भाग कापून काढता येतो. अजून एक लक्षात ठेवा, दातासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर घेण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा, या अँटिबायोटिकने सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते.

प्रश्न : मुलाला मी किडनी देतेय. हॉस्पिटलने आधी त्याच्या दातांची तपासणी सांगितली, दोन दात काढावे लागतील म्हणतात. दुखत तर काहीच नाहीये, मग हा उगाच खर्च नाही ना? (एक आई, नाशिक)

उत्तर : नाही हो ताई, उगाच नाही. ट्रान्सप्लांटनंतर त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवणार आहेत, तेव्हा मुळाशी गप्प बसलेला पू उसळला तर तो दातापुरता राहत नाही. आणि पहिले तीन ते सहा महिने दाताचं अगदी अडल्याशिवाय काही करत नाहीत, म्हणून हे आत्ताच. झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयवदानातून मिळालेले अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव लावून वाट बघणाऱ्यांनीही दात आधीच नीट करून ठेवावेत, फोन रात्री दोनला येतो आणि तेव्हा डेंटिस्टकडे जायला वेळ नसतो.

त्याचे दात निघाल्यावर जखम भरायला दोन-तीन आठवडे धरा आणि ऑपरेशनची तारीख त्या हिशोबाने मागा. तुमचे स्वतःचे दातपण दाखवून घ्या, तुमचंही ऑपरेशन आहे.