ओल्या कचऱ्यात कागद: कोणता आणि कसा?

प्रश्न: गच्चीवर भोके पाडलेल्या पिंपात आम्ही स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवतो. पावसाळ्यात त्याला पाणी सुटून वास येऊ लागला, म्हणून थरांमध्ये वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या. तीन महिन्यांनी पिंप उपसले, तर घड्या जशाच्या तशा निघाल्या. मथळेसुद्धा वाचता येत होते. कागदाचे खत खरोखर होते का? आणि त्याची शाई मेथी-पालकाला अपायकारक ठरेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: कागदाचे खत होते, घडीचे मात्र होत नाही. भिजलेली पाने एकमेकांना चिकटून त्यांचा पुठ्ठा बनतो आणि त्यात हवाच शिरत नाही. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाला कडकपणा देणारा लिग्निन हा घटक बराचसा तसाच राहिलेला असल्यामुळे तो मुळातच सावकाश कुजतो. कचरा नीट कुजण्यासाठी एक भाग नायट्रोजनला सुमारे ३० भाग कार्बन लागतो. वर्तमानपत्रात कार्बनचे हे प्रमाण कित्येक शेकड्यांत असते. म्हणून कागद थर देऊन न घालता भाज्यांची देठे आणि साली यांच्यात कालवूनच घालावा.

वर्तमानपत्र उभे फाडून पाहा, बोटभर रुंदीच्या पट्ट्या सरळ निघतात. आडवे फाडले की ते वेडेवाकडे जाते, कारण कागदाचे तंतू बहुधा उभ्या दिशेने बसलेले असतात. या पट्ट्या चुरगळून घातल्या म्हणजे मध्ये हवा खेळती राहते. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघाला तर ओल बेताची आहे. धार लागली तर आणखी कागद घालावा आणि काहीच न निघाल्यास आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडावे.

काळ्या शाईतील रंग म्हणजे मुख्यतः काजळी. तरीही शाईतील तेले आणि इतर घटक अन्नात उतरू नयेत म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२३ मध्ये बजावले होते. खतात शाईचा अंश विरळ होतो हे खरे, पण पालेभाज्यांसाठी मी न छापलेला कागदच वापरीन. अंड्यांचे ट्रे आणि तपकिरी खोकी, चिकटपट्टी व पिना काढून, यासाठी उत्तम. दुकानातील गुळगुळीत पावत्या, आतून प्लॅस्टिकचा थर असलेले चहाचे कप आणि सोनेरी वर्खाच्या लग्नपत्रिका मात्र पिंपात नकोत. कोरडी, स्वच्छ रद्दी तर रद्दीवाल्यालाच द्यावी, कारण तिचा पुन्हा कागद होतो. तेलकट, ओला झालेला कागद तो घेत नाही, पिंपाचा हक्क त्याच्यावर.

अर्धवट कुजलेला कागद कुंडीत गेला, तर जीवाणू त्यासाठी मातीतील नायट्रोजन ओढून घेतात आणि मेथी पिवळी पडते. तेव्हा निघालेल्या घड्या कुंडीत घालू नका. ओल्या आहेत तोवरच पान न् पान सुटे करून, फाडून, नव्या कचऱ्याबरोबर पुन्हा पिंपात जाऊ द्या.